दाजींचा कोनाडा

निजामाच्या अख्ख्या मुलखात आमच्या दाजींइतकं लांबचं दिसणारा आणि पायाखालचं न दिसणारा माणूस दुसरा झाला नसेल. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. धारूरला किल्ल्याच्या अंगाला त्यांचं माळवदाचं घर होतं, विहिरीखाली थोडं भिजणारं रान होतं आणि डोंगराच्या उताराला बरीच कोरडवाहू. एवढा पसारा असलेला माणूस मिरगाच्या तोंडावर आभाळाकडे बघतो. दाजीही बघत, पण ढगांचा आणि त्यांचा काही संबंध नसे. एक ना एक दिवस हैद्राबादचं गाणं कुणीही न आणता वाऱ्यावरून चालत येणार आणि आपल्या ओसरीवर उतरणार, अशी त्यांची पक्की समजूत होती, आणि ते कुठल्या बाजूनं येईल याचा ते अंदाज घेत असत. शेजारच्या शिवारात पेरणी सुरू झाली की त्यांचे वडील, ज्यांना सगळे आबा म्हणत, ओसरीवरून विचारत, "आरं, बी कव्हा काढायचं?" दाजी मान खाली न करता सांगत, "अजून जरा वेळ हाय." हे उत्तर त्यांना कुठल्याही प्रश्नाला चालायचं. जेवायला कधी येता, गाडीचं चाक कधी बसवता, दावा कधी निकालात काढता, सगळ्याला अजून जरा वेळ असे.

दाजींचं शिक्षण उर्दू चौथीपर्यंतचं. ते तेवढ्यावर थांबलं याचं धारूरच्या मास्तरांना फार दुःख झालं नसावं. पण वाचनाचा नाद मात्र त्यांना जबर होता. तहसील कचेरीतल्या एका मुन्शीकडे हैद्राबादहून उर्दू अखबार यायचा. मुन्शीचा वाचून झाला की तो वाण्याकडे जायचा, वाण्याकडून साखरेची पुडी बांधून आमच्या अक्काच्या स्वयंपाकघरात यायचा, आणि अक्कानं साखर डब्यात ओतली की दाजी तो कागद मांडीवर सपाट करून वाचायला बसायचे. विलायतेत कुणी काय यंत्र काढलं, बिनतारी बोलणं कुठून कुठे गेलं, असल्या बातम्या ते शोधून काढत. बातमी ऐन रंगात आली की नेमका कागद फाटलेला असे. मग उरलेली बातमी दाजी स्वतः पुरी करत. त्यांच्या बहुतेक भाकितांचा जन्म या फाटलेल्या कोपऱ्यांत झाला, असा माझा आजही संशय आहे.

एकदा बांधाच्या दाव्याची तारीख पडली म्हणून आबांनी त्यांना औरंगाबादेला धाडलं. तिथे कुणा बड्या अंमलदाराची बदली झाली होती आणि त्याच्या बंगल्यातलं नको असलेलं सामान अंगणात मांडलेलं होतं. दाजी परत आले ते एक लाकडी पेटी, एक भला मोठा पितळी कर्णा आणि मेणाच्या नळ्यांनी भरलेलं खोकं घेऊन. किल्ली फिरवली की नळी गरगर फिरायची आणि कर्ण्यातून गाणं यायचं. आबांनी विचारलं, "दाव्याचं काय झालं?" दाजी म्हणाले, "कसला दावा?" सगळी गल्ली गोळा झाली. दाजींनी जाहीर केलं की हे जगातलं सगळ्यात नवं यंत्र आहे. मुन्शी बघायला आला होता, तो बिचारा भिडस्त माणूस, हळूच म्हणाला, "मियां, ये तो कब का पुराना हो गया. अब तवे चलते हैं, तवे." म्हणजे तोवर शहरांत नळ्या जाऊन ताटलीसारख्या तबकड्या आल्या होत्या. दाजींनी त्याच्याकडे कीव येऊन पाहिलं आणि सांगितलं की तव्यांचं खूळ दोन दिवसांचं आहे, पुढचा जमाना नळीचाच. पुढच्या जमान्याबद्दल बोलताना त्यांचा आवाज कधी कापत नसे. घोळ व्हायचा तो चालू जमान्याबद्दल.

या यंत्राची खुबी अशी होती की त्यात नुसतं ऐकू यायचं नाही, आपला आवाज भरताही यायचा. त्यासाठी नळीवरचं जुनं गाणं खरवडून काढावं लागे. खोक्यात कुणा कुणा गवयांची आणि गाणाऱ्या बायांची सुरेख गाणी होती. दाजींनी ती एकेक करून खरवडली आणि त्यांवर स्वतःची व्याख्यानं भरली. "येणारा काळ आन आपलं घर" असा सगळ्यांचा विषय. एका बाईचा भैरवीचा असा काही गोड तुकडा होता की ऐकताना आबांसारखा कडक माणूस डोळे मिटून घ्यायचा. त्या जागी आता दाजी खाकरायचे आणि म्हणायचे, "तर मंडळी." आबांनी त्या दिवसापासून यंत्राकडे पाठ करून बसायला सुरुवात केली.

पण खरी लहर फिरली ती आष्टीच्या बाजारात. बैल बघायला म्हणून गेलेले दाजी तिथे तंबूतला बायस्कोप बघून आले. पडद्यावर माणसं पळतात, रडतात, तोंड हलवतात, पण आवाज नाही. दाजींना रात्रभर झोप आली नाही म्हणे. मी त्या आठवड्यात धारूरला गेलो होतो तर त्यांनी मला दारातच धरलं. "पाव्हणं, बायस्कोपाला तोंड हाय आन जीभ न्हाई. आपल्या यंत्राला जीभ हाय आन तोंड न्हाई. दोघांचं लगीन लावायचं तेवढं राह्यलंय. लगीन लागलं की ती जोडी घरोघर नांदायला येती का न्हाई बगा." मी विचारलं, "येईल तेव्हा ठेवाल कुठे?" मी गंमत म्हणून विचारलं होतं. दाजींनी दुसऱ्या दिवशी पहार आणली आणि ओसरीची आतली भिंत फोडायला सुरुवात केली.

तो कोनाडा धारूरमध्ये बरेच दिवस बघण्यासारखी गोष्ट होऊन बसला. देवाच्या कोनाड्यापेक्षा मोठा, धान्याच्या बळदापेक्षा लहान. दाजींनी स्वतः आत डोकं घालून माप घेतलं होतं. डोकं आणि दोन्ही खांदे मावतील एवढाच तो केला. "त्यातला माणूस खांद्यापर्यंतच दिसंल," ते म्हणाले. "बोलनाऱ्या माणसाचे पाय बगायला कोन बसलंय?" मला याचं इतकं हसू आलं की मी ती गोष्ट आमच्या लिंबागणेशला जाऊन ज्याला त्याला सांगितली. ती बोलती-दिसती पेटी काही आली नाही. कोनाड्यात पहिली वस्ती एका कोंबडीनं केली आणि दाजींनी तिला हाकललं नाही, कारण अजून जरा वेळ होता.

जागा झाली, आता वागणूक ठरवायला हवी. पेटीतल्या गोष्टी दिसतील कशा याची काळजी विलायतेतले साहेब करतील, आपण घरची रीतभात बघू, असं त्यांनी वाटून घेतलं होतं. पेटीत परका पुरुष दिसला तर घरातल्या बायांनी पदर घ्यायचा का? दाजींचा निर्णय, घ्यायचा. ऐन जेवणाच्या वेळी तो बोलायला लागला तर? या जेवायला, असं म्हणावंच लागेल, नाहीतर धारूरची लाज जाईल. आबांना कीर्तन ऐकायचं आहे आणि दाजींना हैद्राबादची खबर, तर पेटीची किल्ली कोणाच्या कनवटीला? यावर मात्र बाप-लेकांचं खरोखरचं भांडण झालं आणि दोघं दोन दिवस एकमेकांशी बोलले नाहीत. न आलेल्या पेटीवरून अबोला धरणारं हे माझ्या माहितीतलं पहिलं घर. आता घरोघर तेच चालतं, पण निदान पेटी तरी आलेली असते.

मारुतीच्या पारावर त्यांचे मित्र त्यांना सुखानं बसू देत नसत. एक दोस्त विचारी, "का बे, तुह्या पेटीत पाऊस दिसंल का?"

"दिसंल की. मुंबईचा पाऊस धारूरात बसून दिसंल."

"मंग भिजायला बी मिळंल का?"

दाजी विचारात पडत. त्यांना चेष्टा कळत नसे असं नाही, पण प्रश्न चांगला असला की तो चेष्टेत विचारलाय याचा त्यांना विसर पडे. "त्याला अजून जरा वेळ हाय," ते गंभीरपणे सांगत, आणि पारावरचे सगळे हसून लोटपोट व्हायचे.

भिजायची सोय खरं म्हणजे त्यांनी घरीच केली होती. वाऱ्यावरचं गाणं झेलायला उंचावर तार लागते, असं कुठल्याशा पुडीवर होतं. दाजींनी माळवदावर खांब रोवला, तांब्याची तार बांधली आणि ती खाली कोनाड्याकडे न्यायला मातीच्या छताला भोक पाडलं. पावसाळ्यात त्या भोकातून थेट आबांच्या उशावर धार लागली. आबा वळकटी काखेत मारून दुसऱ्या कोपऱ्यात गेले आणि एवढंच म्हणाले, "आला बग तुहा हैद्राबादचा आवाज."

हे सगळं ऐकून तुम्हाला दाजी मोठे गमतीचे वाटत असतील. मलाही वाटत. पण माझी बहीण त्या घरात होती आणि तिच्यापुरती ही गंमत महाग होती. आमच्याकडे लेक नागपंचमीला माहेरी येते. तिला आणायला भाऊ गाडी जुंपून जातो, त्याला मुराळी म्हणतात. लिंबागणेशहून धारूर म्हणजे वाटेत नेकनूरला एक मुक्काम आणि केजला एक. लग्न झाल्यावर पहिली काही वर्षं दाजींनी अक्काला खुशाल पाठवलं. ते यंत्र घरात आलं तेव्हापासून मात्र मुराळी जायचा आणि रिकामी गाडी घेऊन परत यायचा. "आता थोड्याच दिसात घरबसल्या आईचं तोंड दिसनार," दाजी म्हणत. "कावून हाडं खिळखिळी करून घ्यायची?" जावयापुढे बायकोच्या भावानं आवाज चढवायची रीत आमच्यात नाही. मी मुकाट्यानं पिठलं-भाकरी खायचो आणि बैल वळवायचो. अक्का दाराआड उभी राहून बघत असायची.

दाजी दुष्ट नव्हते. त्यांनी अक्काला कधी बोट लावलं नाही की वावगा शब्द बोलले नाहीत. त्यांची अडचण वेगळी होती आणि ती मला पुष्कळ उशिरा उमगली. सगळ्या धारूरात त्यांचं म्हणणं न हसता ऐकून घेणारं माणूस एकच होतं, आणि ते भाकरी थापत ऐकायचं. ती आठ दिवस गेली की दाजींना भिंतीशी बोलावं लागे.

त्या वर्षी आखाडात आमच्या आईनं अंथरूण धरलं. वैद्यानं पुड्या दिल्या, पण देताना त्याचं तोंड उतरलेलं होतं. आईला दुसरं काही नको होतं. मी गाडी जुंपत होतो तेव्हा तिनं मला आत बोलावलं आणि म्हणाली, "औंदा तरी तिला आन. मला तिच्याशी बोलायचंय." मी म्हणालो, आणतो. आणतोच, असं म्हणालो.

धारूरला पोचल्याबरोबर मी दाजींना सगळं सांगितलं. दाजी हळहळले. मग त्यांच्या डोळ्यांत ती ओळखीची चमक आली.

"पाव्हणं," ते म्हणाले, "मांजरा भरून वाहतीय. गाडी अडकली तर? आन पोचली तरी ही तितं ऱ्हानार आठ दिस. त्यापरीस हिचा आवाज न्या. आवाज भिजत न्हाई, दमत न्हाई, आन वरीसभर उशाला ऱ्हातो. मानूस न्यायची रीत आता जुनी झाली."

"दाजी, आईला बोलायचं आहे तिच्याशी."

"मंग तेच तर म्हन्तोय मी."

आणि मला कबूल करायला हवं की त्या क्षणी त्यांचं म्हणणं मला अगदीच वेड्यासारखं वाटलं नाही, आणि माझा खरा संताप त्याचाच होता. दाजी ते यंत्र कुणाला हात लावू देत नसत. ते पुरं यंत्र, कर्ण्यासकट, ते माझ्या गाडीत घालायला तयार झाले होते. त्यांच्या हिशेबी सासूसाठी जावयानं याहून मोठं काही करायचं राहिलं नव्हतं.

आवाज भरायला बसलो. कोरी नळी एकच शिल्लक होती, बाकी सगळ्यांवर येणारा काळ भरून ठेवलेला. यंत्र ओसरीवर, ओसरीवर आबा, आणि सासऱ्यापुढे सुनेनं तोंड उघडायचं नाही ही त्या घराची रीत. आबांना उठा म्हणायची कुणाची टाप नव्हती आणि आबा उठणार नव्हते. अक्का दाराच्या चौकटीला चिकटून, पदर नाकापर्यंत ओढून उभी. दाजींनी किल्ली दिली, सुई टेकवली, आणि सुरुवात अर्थातच स्वतः केली. सासूला ते आत्याबाई म्हणत. "आत्याबाई, राम राम. आज ह्या ठिकानी जे घडतंय ते येनाऱ्या काळाचं..." नळी फिरत होती. मी खुणा करत होतो. दाजींना भान आलं तेव्हा बरीच नळी उलटली होती. ते अक्काला म्हणाले, "बोल की. कर्ण्यात तोंड घालून बोल." अक्का हलेना. आबा खोकले. कोनाड्यातली कोंबडी ओरडायला लागली. "आगं बोल, नळी संपली," दाजी म्हणाले, तशी अक्का वाकली आणि कर्ण्याच्या तोंडाशी काहीतरी पुटपुटली. मला ते ऐकू आलं नाही.

गोधडीत गुंडाळलेलं यंत्र मांडीवर घेऊन मी परत निघालो. रिकाम्या गाडीत मुराळी आणि त्याच्या मांडीवर गोधडीचं गाठोडं बघून नेकनूरला एक म्हातारी म्हणाली, "आरं, बाळंतिनीला मागं ठिवून लेकरू कसं आनलंस?" काय सांगणार कपाळ. घरी पोचलो तर शेजारची काकू भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्यात तयार होती. लेक आली की तिच्यावरून तुकडा ओवाळून टाकतात. गाडीतून उतरला पितळी कर्णा. काकू क्षणभर घोटाळली, मग तिनं कर्ण्यावरून तुकडा ओवाळला, यंत्राच्या पेटीवर पाणी घातलं आणि विचारलं, "बया, पोरगी कुटंय?"

आईच्या अंथरुणाशी यंत्र मांडलं. आजूबाजूच्या बाया दाटीवाटीनं बसल्या. मी किल्ली दिली. खरखर झाली आणि कर्ण्यातून दाजींचा आवाज आला, "आत्याबाई, राम राम." आईनं डोईवरून पदर ओढला. कित्येक दिवस कूस न बदललेली बाई उठून बसायची धडपड करायला लागली. "जावईबापू आले व्हय," ती म्हणाली. "आरं, घोंगडी टाका. पानी द्या त्यान्ला." बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मीही हसलो. दाजी बोलत होते, येणारा काळ, घरोघर पेट्या, आणि आई पदर सावरून अदबीनं ऐकत होती. मग आबांचा खोकला आला. कोंबडी आली. "आगं बोल, नळी संपली," आलं. आणि सगळ्यात शेवटी, लांबून, विहिरीतून आल्यासारखी आमची अक्का म्हणाली, "आई, जेवलीस का?"

आईनं पदर मागे केला. तिचा चेहरा असा उजळला की मला क्षणभर वाटलं, जिंकले दाजी.

"जेवले गं माय," आई म्हणाली. "तू जेवलीस का?"

आणि मान तिरकी करून, कर्ण्याकडे कान देऊन ती वाट बघत राहिली. नळी संपली होती. खरखर तेवढी चालू होती.

"बोलंना का ती?"

"संपलं, आई. तेवढंच आहे."

"मंग पुन्ना लाव."

मी पुन्हा लावलं. पुन्हा दाजी, पुन्हा पदर, पुन्हा कोंबडी, पुन्हा अक्का म्हणाली, आई, जेवलीस का? आई म्हणाली, जेवले. तू जेवलीस का? पुन्हा तिनं वाट बघितली. बाया आता हसत नव्हत्या. आई तिसऱ्यांदा लाव म्हणाली आणि तिसऱ्यांदा उत्तर देऊन झाल्यावर भिंतीकडे तोंड करून पडली. "तेच ते इचारती," ती म्हणाली. "माजं तिला ऐकू जाईना. जा बाबा, तिला सांग मी जेवले म्हून. आन तिला घिऊन ये."

मला रडू आलं आणि दाजींचा असा राग आला की तो कर्णा उचलून आडात टाकावासा वाटला. त्याऐवजी मी शेजाऱ्याचे ताजे बैल जुंपले आणि यंत्र घेऊन तसाच निघालो.

धारूरला दाजी वेशीपर्यंत सामोरे आले होते. राम राम न करता त्यांनी पहिलं विचारलं, "माझा आवाज साफ आला का?" रस्ताभर मी त्यांना काय काय सुनवायचं ते ठरवून आलो होतो. पण जावई तो जावई. मी फक्त घडलं तसं सांगितलं. आईनं पदर घेतला हे ऐकून ते हरखले, "बगा, मी म्हनलं न्हवतं, पदर घ्यावा लागंल." मग मी पुढचं सांगितलं. अक्कानं विचारलं, आईनं सांगितलं, आणि मग ती थांबली.

"मंग?" दाजी म्हणाले.

"मग काय? नळी संपली होती."

"न्हाई, पन त्यांनी उत्तर दिलं ना. त्ये..." ते गाडीपुढे चालत घरी आले. ओसरीवर यंत्र उतरवून घेतलं आणि बराच वेळ कर्ण्यात बघत बसले. शेवटी ते अगदी हळू म्हणाले, "ह्याला कानच न्हाई की बे."

मग ते उठले. गाडीत स्वतःच्या हातानं पेंढा पसरला, त्यावर गोधडी टाकली आणि आत बघून म्हणाले, "नीघ गं. भाकरी रस्त्यात खाऊ." आबांनी विचारलं, "आन रानाकडं कोन बगनार? कव्हा येतूस माघारी?" दाजी म्हणाले, "त्याला वेळ हाय," आणि या एका वेळी ते उत्तर मला गोड लागलं. ते स्वतः गाडी हाकायला बसले. मांजरेचं पाणी उतरलेलं होतं. केजपर्यंत येणाऱ्या काळाबद्दल चकार शब्द निघाला नाही.

पंचमी होऊन गेली होती. काकूनं या वेळी तुकडा बरोबर माणसावरून ओवाळला. अक्का आईच्या उशाशी जाऊन बसली, आईनं तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि विचारलं, "जेवलीस का?" अक्का रडत रडत म्हणाली, "जेवले." दोघी पुढे पुष्कळ बोलल्या, त्यातलं काही मी ऐकलं नाही. दाजी बाहेर ओट्यावर बसून होते. आईनं त्यांच्यासाठी पंचमीची पुरणाची दिंडं पुन्हा करायला लावली. आई दिवाळीपर्यंत जगली, आणि अक्का तोवर तिच्याजवळ होती. दाजींनी तिला एकदाही परत बोलावलं नाही.

दाजी शहाणे झाले असं मात्र समजू नका. घरी गेल्यावर त्यांनी पुन्हा पहार काढली आणि कोनाड्याच्या वर, भिंतीत, मूठभर रुंदीचं एक भोक पाडलं. कशाला म्हणून विचारलं तर म्हणाले, "तोंड आन जीभ साहेबलोक आनत्याल. त्यान्ला कानाचं सुचनार न्हाई. त्याची जागा करून ठिवली." लोकांनी नव्यानं हसायला सुरुवात केली. दाजींनी पुढे प्रत्येक पंचमीला अक्काला मुराळी यायच्या आधीच गाडीत बसवलं आणि बाकीचं वर्षभर तिला कानाबद्दल सांगितलं. म्हातारपणी चावडीवर रेडिओ आला तेव्हा ते रोज जाऊन बसत. "जीभ आली," म्हणत. "बाकीचं बी यील. अजून जरा वेळ हाय." त्यांना मात्र तेवढा वेळ मिळाला नाही.

निजाम गेला, गाड्या गेल्या, पण पंचमीला मुराळी म्हणून अजून मीच जातो, एसटीनं. माझे गुडघे आणि अक्काचे डोळे, दोन्ही अधू झालेत. यंदा गेलो तर भाच्यानं टीव्ही घेतलेला. कुठे ठेवायचा हा प्रश्नच आला नव्हता. तो कोनाड्यात असा चपखल बसला होता की मी जवळ जाऊन दोन्ही बाजूंना बोट घालून पाहिलं. बातम्या लागल्या होत्या. सांगणारा माणूस खांद्यापर्यंत दिसत होता. ज्या गोष्टीवर मी लिंबागणेशला लोकांना हसवलं होतं ती समोर बसून बोलत होती, आणि दाजी बघायला नव्हते. मला फार वाईट वाटलं.

अक्का ताट घेऊन बाहेर आली, पडद्याकडे वळली आणि तिनं डोईवर पदर घेतला. नातवंडं खुसखुसली. बातम्या संपल्या, तो माणूस हात जोडून नमस्कार म्हणाला. अक्का त्याला म्हणाली, "जेवलास का रे बाबा?" पोरं फिदीफिदी हसली. अक्का मात्र मान तिरकी करून थोडा वेळ थांबली, अगदी आईसारखी. मग तिनं वर, भिंतीतल्या त्या रिकाम्या भोकाकडे पाहिलं आणि माझ्यापुढे ताट सरकवत म्हणाली, "तू जेव. त्याला अजून जरा वेळ हाय."